सीताबर्डीची ५० लिटरची बॅग, वरोऱ्याहून रामेश्वरपर्यंत

बॅग घेण्यासारखी आहे. पट्टे आणि शिलाई चांगली, चेन भिकार, पावसाचं कव्हर असून नसल्यासारखं, आणि ५० लिटर हा आकडा सपशेल थाप. घाईत असाल तर एवढं वाचून बर्डीवर गेलात तरी चालेल. पाचापैकी साडेतीन तारे. अर्धा तारा कुठं कापला अन् कुठं दिला हे ज्यांना पाहायचं आहे त्यांच्यासाठी पुढं सविस्तर लिहितो.

नागपुरात सीताबर्डीच्या फूटपाथवर घेतली. सांगितले १९००, दिले १३५०. पाठीवर कुठल्याशा परदेशी कंपनीचं नाव चिकटवलेलं होतं, ते विजयवाडा यायच्या आधीच सुटून गेलं, त्यामुळं आता बॅग बिननावाची आहे. रंग निळा-काळा. मधे मोठा कप्पा, खाली चादरीसाठी वेगळा कप्पा, वर झाकण आणि झाकणात एक खिसा, दोन्ही बाजूंना पाण्याच्या बाटलीची जाळी, छातीला अन् कमरेला पट्टा. रिकामी बॅग आमच्या कापसाच्या काट्याला लावली तर दीड किलोच्या थोडी वर भरली. हे वजन ठीक आहे.

लिटरचं मात्र मला आधीपासून खटकत होतं. म्हणून १५ किलोचा तेलाचा रिकामा पिपा घेतला, त्यात साधारण साडेसोळा लिटर मावतं, आणि ओसरीवर बसून पिप्यानं सोयाबीन बॅगेत ओतलं. आई म्हणाली, "घरचं सोयाबीन बॅगीत काहून भरून राह्यला बे? इकाले नेतं का?" मधला अन् खालचा कप्पा मिळून अडीच पिपे बसले. म्हणजे ४१ लिटर. झाकणाचा खिसा, समोरचा खिसा, सगळं ठासून धरलं तरी ४५ च्या पुढं जात नाही. काही विकणारे बाहेरच्या जाळ्यासुद्धा लिटरात धरतात असं ऐकून आहे, तरी ५० होत नाहीत. पण खरं सांगू का, ४१ पुरतात. पाठीवर सामान घेऊन रेल्वे अन् बसनं फिरणाऱ्याला यापेक्षा मोठी बॅग दिली तर तो ती भरतोच.

आता मी कोण सांगणारा? वरोरा तालुक्यात आमचं वावर आहे. पऱ्हाटी म्हणजे कापूस, तूर, सोयाबीन. श्रावण-भादव्यात १६ लिटरचा फवारणी पंप पाठीवर घेऊन पऱ्हाटीच्या ओळींतून चिखल तुडवायचा. पंपाचं स्वतःचं वजन पाच-सहा किलो धरा, म्हणजे भरला की २० किलोच्या वर. त्याचे पट्टे दोन बोटं रुंद, खांद्यात रुततात, अन् कमरेला काहीच आधार नाही. त्यामुळं ओझं कुठं लागतं, कुठं लागत नाही, हे मला दुकानात उभ्या उभ्या कळतं. लोक बॅग घेताना चेन उघडून खिसे मोजतात. मी आधी कमरेचा पट्टा बांधला अन् दुकानदाराला म्हटलं, आत दोन-तीन जीन्सचे गठ्ठे टाक. त्यानं टाकले. पट्टा कमरेच्या हाडावर बसवून ओढला तसे खांदे मोकळे झाले. तिथंच ठरवलं.

यामागचं गणित साधं आहे. पाठीशी लागणाऱ्या बाजूला प्लास्टिकची ताठ पाटी आहे, तिच्यात ॲल्युमिनियमची एक पट्टी. ओझ्याचा भार त्या पाटीवरून खाली कमरपट्ट्यावर येतो, तिथून कमरेच्या हाडावर, तिथून पायांवर. खांद्याचे पट्टे फक्त बॅग मागं कलू देत नाहीत. पाटी नसलेल्या बॅगेला कमरपट्टा लावला तरी तो शोभेचाच, कारण बॅग मधूनच दुमडते आणि वजन खांद्यावरच राहतं. बर्डीवर अशा शोभेच्या पट्ट्याच्या बॅगा भरपूर आहेत. हात आत घालून पाटी चाचपून बघा.

रामेश्वरचं निमित्त आईचं. आमच्या आजोबांनी काशीहून आणलेला गंगाजलाचा तांब्याचा गडू देवघरात होता, तोंड झाळून बंद केलेला. काशीचं पाणी रामेश्वराला वाहायचं आणि तिथली वाळू गंगेत सोडायची, ही जुनी रीत. आजोबांची अर्धीच झाली. यंदा कापूस बरा विकला गेला, वेचणी उरकली होती, आणि मला समुद्र पाहायचा होता. मावसभाऊ तयार झाला. त्याच्याकडं चाकाची बॅग. मला हसला, "चाकं हायेत तं पाठीवर कायले घ्याव?" त्या चाकांचं काय झालं ते पुढं येईलच.

माझ्या बॅगेत काय होतं: दोन पॅन्ट, शर्ट, धोतर, टॉवेल, पातळ चादर, चपला, गडू, जवसाच्या चटणीचा डबा, आईनं दिलेल्या दशम्या, आंब्याच्या लोणच्याची बरणी, चार्जर, औषधं. काट्यावर ११ किलो. जड वस्तू पाठीला चिकटून अन् मधोमध, हा नियम पाळला. गडू चादरीत गुंडाळून बरोबर पाटीच्या मधे ठेवला. गडू तळाला ठेवला तर बॅग मागं ओढते, वर ठेवला तर वाकताना डोक्यावर येते.

गावाहून वरोरा, तिथून चंद्रपूर, मग बल्लारपूर, हे एसटीनं. इथं बॅगेबद्दल सांगण्यासारखं एकच. एसटीच्या वरच्या फळीवर ती आडवी बसते, पण कमरपट्टा लोंबतो आणि खाली बसलेल्याच्या कानाला बक्कल लागतं. एका आजीबाईनं मला चांगलंच सुनावलं. पट्टा पाठीमागून फिरवून उलटा बांधून टाकायचा, म्हणजे लोंबत नाही. ही युक्ती पुढं सगळीकडं कामाला आली.

बल्लारपूरच्या स्टेशनाचं नाव बल्लारशाह, तिथं दुपारी तमिळनाडू एक्सप्रेस धरली. वर्धा नदी ओलांडून थोडं पुढं गेलं की तेलंगणा लागतं, मग सिरपूर कागजनगर, रामगुंडम, वरंगल, रात्री विजयवाडा अन् कृष्णेचा लांबलचक पूल, सकाळी चेन्नई. स्लीपरच्या खालच्या बर्थखाली बॅग आडवी सरकवली तर अलगद गेली. साखळी लावायला वरचा उचलायचा पट्टा आहे, तो जाड आणि दुहेरी शिवलेला. पण रात्री मी ती वर बर्थवर घेतली आणि उशाला ठेवली. पाठीकडचा स्पंज मऊ आहे, झोप लागते. हा फायदा कुणी जाहिरातीत लिहीत नाही.

वरंगलच्या आसपास लोणच्याच्या बरणीनं तेल सोडलं. बरणी पिशवीत होती, पिशवी गळकी निघाली. मोठ्या कप्प्याच्या आतल्या अस्तराला पाणी न झिरपू देणारा थर लावलेला आहे, त्यामुळं तेल बाहेर आलं नाही, खाली साचून राहिलं. पुसून काढलं. या थराला पूर्ण गुण. तेलानं तो काही महिन्यांत पापुद्रे धरून सुटेल असं आमच्या वरोऱ्याचा मोची म्हणतो. अजून तरी सुटला नाही. वास मात्र गेलेला नाही.

चेन्नई सेंट्रलहून एग्मोर स्टेशन दोनेक किलोमीटर. मेट्रोनं एकच स्टेशन. पण मदुराईची गाडी दुपारची होती, वेळ भरपूर होता, म्हणून चालत निघालो. सकाळची वेळ, पण हवा अशी दमट की उभ्या उभ्या शर्ट ओला. आमच्याकडं मे महिन्यात ४५ अंशांच्या वर पारा जातो, तरी घाम वाळतो. इथं वाळतच नाही. बॅगेचा मोठा दोष इथं कळला. पाठीवरचा स्पंज घाम पितो आणि धरून ठेवतो. बॅग उतरवून पाठ सुकवली, पुन्हा चढवली तर तोच ओलावा परत पाठीला लागला. चांगल्या बॅगांना पाठीला जाळी ताणलेली असते, पाठ आणि बॅग यांत हवा खेळते. १३५० मधे ती मिळणार नाही हे मान्य, पण स्पंजाऐवजी पाणी न पिणारा ईव्हीए फोम लावला असता तर फार तर पन्नास-शंभर रुपये जास्त गेले असते. मी रुमाल मधे खोचून चाललो. शंभर पावलांवर मावसभाऊ चाकं ओढत येत होता, आणि फूटपाथच्या प्रत्येक पायरीला त्याची बॅग उचलून घेत होता. चेन्नईच्या फूटपाथला पायऱ्या पुष्कळ.

दुपारची वैगई एक्सप्रेस. चेन्नई-मदुराई ही दिवसाची गाडी १९७७ पासून धावते, बसायची सीट असते. रामेश्वरला रात्रीची थेट गाडीही आहे, पण मीनाक्षीचं दर्शन घेतल्याशिवाय पुढं जायचं नाही असा आईचा हुकूम होता. वरच्या फळीवर बॅग टाकली अन् विसरलो. तिरुचीच्या पुढं अंधार पडला. मदुराईला स्टेशनाजवळच्या लॉजमधे रात्र, पहाटे मीनाक्षी. बॅग लॉजवर ठेवली, म्हणून त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. त्या गोपुरांवर मात्र लिहावं तेवढं थोडं, पण ते पुन्हा केव्हा तरी.

रामेश्वरची बस मदुराईच्या माट्टुतावणी स्टँडवरून सुटते. १७० किलोमीटरच्या आसपास, चारेक तास. खरी कसोटी इथं झाली. सीट मिळाली नाही. मानामदुराईपर्यंत बॅग पाठीवर घेऊन उभा. गर्दीत ती उतरवायला जागा नाही, अन् छातीवर घेतली तर मला समोरचं दिसत नाही. छातीचा पट्टा लावला, कमरेचा आवळला, वरचा दांडा धरला. तासाभरानं खांदा दुखला नाही, कमर अवघडली. पंप घेऊन तासभर उभं राहून पाहा म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. कमरपट्ट्याचं बक्कल प्लास्टिकचं आहे, हाताच्या तळव्याएवढं. ते एकदाही सुटलं नाही. पट्टा मात्र हळूहळू ढिला होतो, दर अर्ध्या तासानं ओढून घ्यावा लागतो. पट्टी गुळगुळीत नायलॉनची आहे, दात धरत नाही. मावसभावानं चाकाची बॅग ड्रायव्हरशेजारी इंजिनवर ठेवली आणि कंडक्टरनं ती दोनदा इकडून तिकडं केली.

मानामदुराई गेल्यावर जागा मिळाली. बाहेर बघत होतो. ताडाची झाडं, कोरडे तलाव आणि वेडी बाभूळ. रामनाथपुरम जिल्हा कोरडा आहे हे मला माहीतच नव्हतं. समुद्रकाठ म्हणजे हिरवंगार असंच आपण धरून चालतो. शेतात पऱ्हाटीही दिसली, आमच्यापेक्षा ठेंगणी. रामनाथपुरमला बस थांबली तेव्हा खाली उतरून अर्धा किलो मुंडू मिरची घेतली. गोल, बोराएवढी, लालभडक. हिला २०२३ मधे भौगोलिक मानांकन मिळालं आहे. आमच्या भिवापुरी मिरचीलाही आहे, त्यामुळं जरा अभिमानानंच तुलना केली. वास मुंडूचा चांगला, तिखटपणात भिवापुरी पुढं. मिरची बॅगेच्या झाकणातल्या खिशात ठेवली. त्या खिशाला आतून थर नाही, नुसतं कापड. शिंका येत येत बेटावर पोचलो.

मंडपमला जमीन संपते. पुढं पांबनची खाडी अन् पलीकडं रामेश्वरचं बेट. रस्त्याचा पूल १९८८ चा, सव्वादोन किलोमीटरच्या थोडा वर. बस त्याच्यावरून सुसाट जाते. आम्ही पांबनला उतरलो आणि पुलावर चालत मागं आलो. मी पहिल्यांदा समुद्र पाहिला तो असा, पाठीवर ११ किलो घेऊन, वाऱ्याला तोंड देत. खाली रेल्वेचा पूल दिसतो. पहिला रेल्वेपूल १९१४ चा. जहाज आलं की त्याचा मधला भाग दोन्हीकडं उघडायचा, आणि ते उघडायला माणसं हातानं यंत्र फिरवायची. डिसेंबर २०२२ मधे त्याच्यावरून गाड्या बंद झाल्या. नवा पूल ६ एप्रिल २०२५ ला सुरू झाला. त्याचा ७२.५ मीटरचा मधला भाग आडवाच्या आडवा १७ मीटर वर उचलला जातो, विजेवर. आमच्यासमोर उचलला नाही. मासेमारीच्या होड्या खालून आरामात जात होत्या.

पावसाचं कव्हर इथं गेलं. बॅगेबरोबर फुकट मिळालेलं, पिवळं, काठाला रबर. खाडीवरून पाण्याचे तुषार येत होते म्हणून चढवलं. वारा आत शिरला, ते फुगलं आणि उडालं. कव्हर बॅगेला बांधून ठेवायला एक दोरी अन् एक कडी हवी, ती नाही. एवढी साधी गोष्ट. घेतल्या घेतल्या कव्हराच्या काठाला दोन भोकं पाडून सुतळी ओवून घ्या. खाडीत माझं पिवळं कव्हर बराच वेळ तरंगत होतं आणि मावसभाऊ हसत होता.

चेनचं दुखणंही इथूनच सुरू झालं. पांबनची हवा लोखंड खाणारी म्हणून प्रसिद्ध आहे. नव्या पुलाला स्टेनलेस स्टीलच्या सळ्या वापरल्या, पॉलिसिलोक्सेनचा रंग दिला, ते उगाच नाही. आता एवढी काळजी जिथं पुलाची घ्यावी लागते तिथं फूटपाथवरच्या चेनच्या सरकपट्टीचं, म्हणजे ओढून चेन उघड-बंद करतो त्या तुकड्याचं, काय होणार? चेनचे दात प्लास्टिकचे आहेत, ते ठीक. पण सरकपट्टी स्वस्त धातूची, वरून काळा रंग. बेटावर उतरल्यावर दुसऱ्याच सकाळी तिच्यावर पांढरी भुकटी आली, ओढली की अडकते. मेणबत्ती घासून चालवली. मेणबत्ती किंवा साबणाचा तुकडा बरोबर ठेवा, समुद्राकाठी कुठलीही बॅग नेली तरी. विकत घेतानाच सरकपट्टीवर जपानी वायकेके कंपनीची अक्षरं आहेत का पाहा. असली तर खरी आहेत का हे कळायला मार्ग नाही, हेही खरं.

रामेश्वरला पूर्वेच्या गोपुराजवळ एका साध्या लॉजमधे उतरलो. खोलीत पंखा, खिडकीतून समुद्र. पहाटे अग्नितीर्थावर, म्हणजे समुद्रात, डुबकी मारायची, मग तसंच ओल्या कपड्यांनी देवळात शिरून २२ तीर्थांची स्नानं. तीर्थं म्हणजे विहिरी. वर उभी राहिलेली माणसं बादली सोडतात अन् डोक्यावर ओततात. समुद्र एवढा जवळ, तरी विहिरींचं पाणी गोडं. दर विहिरीची चव थोडी निराळी. मी शेतकरी, विहिरीचं पाणी चाखल्याशिवाय राहणार नाही. आमच्या वावरातल्या विहिरीपेक्षा बहुतेक सगळी गोड. स्नानानंतर कोरडे कपडे घालूनच गाभाऱ्याकडं सोडतात. म्हणून कोरडं धोतर प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन गेलो होतो. मोबाईल आत नेता येत नाही. गंगाजलाच्या अभिषेकाची पावती फाडली आणि गडू दिला. झाळलेलं तोंड उघडताना पुजारी मिनिटभर तसाच थांबला, बहुतेक इतका जुना गडू रोज येत नसावा. मग ते लांबच लांब दालन. बाहेरच्या प्रदक्षिणेच्या वाटेला बाराशेच्या वर खांब आहेत. अनवाणी, ओल्या केसांनी, मी ते दोनदा फिरलो.

ओले कपडे बॅगेच्या खालच्या कप्प्यात. हा कप्पा या बॅगेतली सगळ्यात कामाची गोष्ट. वरच्या कप्प्यात अन् यात मधे चेननं बंद होणारा पडदा आहे. ओलं खाली, कोरडं वर. खालच्या कप्प्यातून पाणी वर झिरपलं नाही. बाहेर मात्र झिरपलं, कारण तळाच्या शिलाईवर पट्टी चिकटवलेली नाही. लॉजच्या फरशीवर डबकं. मालकीणबाई काही बोलल्या नाहीत, फडकं आणून दिलं.

धनुष्कोडीला बसनं गेलो, पण शेवटच्या टोकापर्यंत नाही. जुन्या गावाच्या अवशेषांपाशी उतरलो आणि तिथून अरिचल मुनईपर्यंत, म्हणजे त्या टोकापर्यंत, चाललो. पाचेक किलोमीटर. २२-२३ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळानं हे गाव गेलं. पांबनहून आलेली पॅसेंजर गाडी शंभराहून जास्त माणसांसह समुद्रात गेली. त्याआधी मद्रासहून इथपर्यंत आगगाडी यायची, इथून आगबोट लंकेच्या तलैमन्नारला जायची आणि तिकडं पुन्हा गाडी. आता चर्चच्या प्रवाळाच्या दगडांच्या भिंती उभ्या आहेत, त्यांच्या आसपास कोळ्यांच्या झोपड्या, शंख-शिंपल्यांची दुकानं, तळलेल्या मासळीचा वास. एका झोपडीत ताज्या मासळीबरोबर भात खाल्ला. मावसभाऊ माळकरी, त्यानं दशमी अन् जवसाची चटणी खाल्ली.

टोकापर्यंतचा रस्ता २०१७ मधे झाला. दोन्हीकडं समुद्र. डावीकडचा शांत, उजवीकडचा उसळता. ऊन टाळूवर, सावली एका झाडाचीही नाही. इथं बॅग अर्धी रिकामी होती, सहा किलोच्या आत, आणि तेव्हा कळलं की अर्धी भरलेली असताना ती वाईट चालते. बाजूला आवळायच्या पट्ट्या आहेत, पण एकेकच. सामान तळाला बसतं, वरचा भाग रिकामा होऊन डुलतो. दोन-दोन पट्ट्या हव्या होत्या. मी टॉवेल अन् चादर वर कोंबून जागा भरली. मावसभावाच्या चाकाच्या बॅगेनं धनुष्कोडीच्या वाळूत राम म्हटलं. एक चाक वाळू खाऊन अडकलं ते अडकलंच. उरलेला रस्ता त्यानं ती डोक्यावर घेतली. मी काही बोललो नाही. बोलायची गरजही नव्हती.

टोकाला अशोकस्तंभ आहे. पलीकडं तिसेक किलोमीटरवर लंका, दिसत नाही. तिथं आईसाठी वाळू घेतली, कंपनीच्या बियाण्याच्या रिकाम्या पाकिटात. पाकीट समोरच्या खिशात ठेवलं. हे लक्षात ठेवा: बारीक वाळू आणि खारा वारा एकत्र आले की कुठलीही चेन जाते. पाकीट बांधलेलं होतं, पण हाताला अन् कपड्यांना लागून वाळू आलीच. समोरच्या खिशाची चेन तिथून परतताना फाटली, म्हणजे सरकपट्टी पुढं जाते पण दात जुळत नाहीत. मिरचीच्या दुकानातून मिळालेल्या सुतळीनं बांधून घरी आलो.

परतीला रामेश्वरहून संध्याकाळची थेट चेन्नईची गाडी, नव्या पुलावरून. खिडकीला कठडा दिसत नाही, नुसतं पाणी. डब्यातली सगळी माणसं दाराशी. बॅग बर्थखाली, उलट्या बांधलेल्या पट्ट्यासह, अलगद. पुढचा प्रवास झोपेत गेला.

वरोऱ्यात मोच्यानं समोरच्या चेनची सरकपट्टी बदलली, पितळेची बसवली, ६० रुपये घेतले. पट्ट्यांच्या मुळाची शिलाई उलटीसुलटी करून पाहिली अन् म्हणाला, इथं आडवे टाके घट्ट मारले आहेत, दहा वर्षं हलणार नाहीत. मोची सहसा दुसऱ्याच्या शिलाईला चांगलं म्हणत नाहीत.

तर कुणी घ्यावी? खांद्यावर दहा-बारा किलो घेऊन गाडी, बस, पायी असं जायचं आहे, आणि पाच-सहा हजारांची बॅग परवडत नाही, त्यानं. उंची पावणेसहा फुटांच्या वर असेल तर आधी बांधून बघावी, कारण पाठीची लांबी कमी-जास्त करता येत नाही, कमरपट्टा पोटावर येईल अन् सगळं गणित बिघडेल. बायकांनी छातीचा पट्टा वर-खाली सरकतो का ते पाहावं, माझ्या बॅगेचा सरकतो, शेजारच्या हिरव्या बॅगेचा एकाच जागी शिवलेला होता. १३५० च्या वर देऊ नये. घेतल्यावर घरी येऊन तीन कामं: कव्हराला सुतळी, सगळ्या चेनला मेण, आणि समोरच्या खिशाची सरकपट्टी मोच्याकडून पितळेची. सगळं मिळून दोनशेच्या आत.

मावसभाऊ आता महाशिवरात्रीला चौरागडच्या महादेवाला निघाला आहे. त्याच्या चाकाच्या बॅगेत घरी कांदे ठेवलेत. काल येऊन म्हणाला, "दादा, तुयी बॅग दे नं." देतो म्हटलं, पण लोणचं नेशील तर स्टीलच्या डब्यात ने, अन् वरच्या खिशातली उरलेली मिरची आधी घरी काढून ठेव.